शेजारच्या इंजिनाचा आवाज

माझ्या खानावळीची रस्त्याकडची भिंत हिवाळाभर थरथरत असते. भिंतीला टांगलेली कढई खिळ्यावर बारीक वाजत असते आणि पिंपातल्या पाण्यावर सतत वर्तुळं उठत असतात. बाहेर ट्रक उभे असतात आणि त्यांची इंजिनं चालू असतात. सैबेरियातल्या आमच्या याकुतियात ऑक्टोबरात इंजिन सुरू केलं की ते एप्रिलातच बंद करायचं. ड्रायव्हर जेवतो, झोपतो, बायकोशी फोनवर भांडतो, इंजिन आपलं चालूच. एखादा नवखा विचारतो, डिझेल फुकट नाही का जळत? मी म्हणते, बंद करून बघ बाबा, मे महिन्यात भेटू.

त्या दुपारी थंडी उणे पंचावन्नच्या खाली गेली होती. अंगणात दोनच ट्रक होते, एकमेकांना खेटून उभे. एक उइबानचा. हा तीस हिवाळे ह्या रस्त्यावर काढलेला, तोंडाचा फटकळ, आणि माझा घोड्याच्या मांसाचा रस्सा दर वेळी दोन वाट्या चापून 'मागच्या वेळी बरा झाला होता' असं सांगणारा माणूस. दुसरा ट्रक माझ्या भाच्याचा, आयतालचा. दोन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच वयाच्या.

आयतालबरोबर त्याची बायको होती, क्युन्नेई. आणि ट्रकच्या मागच्या बंद खोक्यात होत्या कोंबड्या, साठेक तरी. खोक्याला आतून लोकरीचा जाड नमदा लावलेला, आणि इंजिनाच्या गरम पाण्याची नळी फिरवून आत ऊब केलेली.

ह्या कोंबड्यांचं प्रकरण मला ठाऊक होतं. क्युन्नेई शहरातली पोर, औषधांच्या दुकानात कामाला होती. लग्न करून आयतालच्या गावी आली आणि पहिल्याच हिवाळ्यात कोमेजून गेली. काम नाही, सासू बोलत नाही, खिडकीवर चार बोटं बर्फ. ही सासू म्हणजे माझीच धाकटी बहीण, त्यामुळे ती बोलत नाही हे एक प्रकारे बरंच. शेवटी क्युन्नेईने नवऱ्याला सांगितलं, "मला कोंबड्या पाळून बघायच्यात. गावात अंडी येतात ती गोठून फुटलेली. कोंबड्या जगल्या तर मी इथे राहीन. नाही जगल्या तर न भांडता मला शहरात सोडून यायचं." आयतालने उन्हाळाभर खपून खुराडं बांधलं, दुहेरी भिंतींचं, चुलीसकट. त्याने एवढ्या निगुतीने स्वतःचं घरही बांधलं नव्हतं. आता कोंबड्या घेऊन दोघं गावी निघाली होती, आणि गाव अजून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं.

तिघं जेवत होती. मी तव्यावर आलाजी घालत होते, म्हणजे आमचे जाड गोड घावन. आयतालला पोट भरलं की बढाया सुचतात.

"काका, ऐका जरा, माझी गाडी कशी बोलतेय. गेल्या साली नुसती खोकायची. आता बघा, ठेका चुकत नाही."

उइबानने मान तिरकी करून भिंतीकडे कान लावला. "ही तुझी होय? मला वाटलं माझी."

"तुमची घोगरी आहे, काका."

"मालकावर गेली असेल," मी म्हणाले, आणि सगळे हसलो. क्युन्नेईही हसली. तिला हसताना मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

उइबानने टोपीचे कान बांधले, रश्शाला नाव ठेवलं आणि निघाला. एवढ्या थंडीत गाडीचा धूर वर जात नाही, तिथेच धुकं होऊन बसतो. खिडकीतून नुसतं पांढरं दिसत होतं. त्याचा ट्रक त्या पांढऱ्यातून घरघरत बाहेर पडला, रस्त्याला लागला आणि आवाज लांब लांब गेला.

आणि कढई वाजायची थांबली.

मी उलथणं हातात घेऊन तशीच उभी. पिंपातलं पाणी आरशासारखं झालं होतं. आयतालचा पेला ओठांपाशी होता, तो तिथेच राहिला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि मला सगळं कळलं. इतका वेळ आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते उइबानचं इंजिन होतं. पोराचं केव्हाच बंद पडलं होतं.

तो नुसत्या सदऱ्यावर बाहेर पळाला. मी त्याचा कोट घेऊन मागे धावले, आणि माझ्या पुढे क्युन्नेई. त्याने किल्ली फिरवली. आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला, दुसऱ्यांदा तोही नाही. क्युन्नेईने तिकडे पाहिलंही नाही. ती मागचं दार उघडत होती. कडी गोठलेली, तिने खांद्याने धक्के देऊन सोडवली.

आत अंधार आणि शांतता. कोंबड्या आणि शांतता, हे काही खरं नव्हे. क्युन्नेई दारात उभी राहिली, आत शिरेना. मी तिला बाजूला सारून आत गेले आणि पहिल्या पिंजऱ्यात हात घातला. पिसं गार होती. अजून आत बोटं खुपसली, तर खाली ऊब होती, आणि त्या उबेने मला कचकन चोच मारली.

"जिवंत आहेत गं," मी म्हणाले. "चावतात मेल्या."

मग आम्ही तिघांनी पिंजरे वाहिले. मेंढीच्या कातड्याचे कोट, माझ्या रजया, टेबलावरची मेणकापडं, जे मिळेल त्यात गुंडाळून एकेक पिंजरा आत. बाकांखाली पिंजरे, टेबलांवर पिंजरे, पिठाच्या पोत्यांवर पिंजरे. काहींच्या तुऱ्यांची टोकं पांढरी पडली होती, तिथे क्युन्नेई लोणी चोळत होती आणि त्यांच्याशी औषधाच्या दुकानातल्या आवाजात बोलत होती, "जरा थांबा, सगळ्यांना मिळेल." चुलीची ऊब लागली तशी एक कुरकुरली, मग दुसरी. थोड्याच वेळात असा कालवा सुरू झाला की माझं मला ऐकू येईना. त्या कालव्याने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पण ट्रक बाहेर गारठत होता. त्या दिवशी सुरू झाला नाही तर तो आमच्या दारात वसंतापर्यंत उभा राहणार, आणि कोंबड्या काही माझ्या टेबलांवर वसंतापर्यंत राहणार नव्हत्या. आयताल बाहेर बॅटरी सोडवत होता. मी चुलीतले निखारे घमेल्यात काढत होते. तेवढ्यात धुक्यातून दोन दिवे आले. उइबान.

"टेकाडावरून मागे वळून बघितलं," खाली उतरत तो म्हणाला. निघालेल्याने टेकाडावरून एकदा मागे बघायचं, हा ह्या रस्त्याचा नेमच आहे. "तुझ्या धुराड्याचा धूर दिसला, अकुलीना. ट्रकचं धुकं विरत चाललेलं, म्हणजे ह्याचं इंजिन बंद. म्हटलं, घोगरी कोणाची ते आता कळलं."

आयतालने मान खाली घातली.

उइबानने स्वतःचं इंजिन चालू ठेवूनच कामाला हात घातला. इंजिनावर ताडपत्री टाकली, तीवर माझ्या रजया, कडा जमिनीपर्यंत सोडून तंबू केला. निखाऱ्यांचं एक घमेलं तेलाच्या टाकीखाली, एक डिझेलच्या टाकीखाली, पण हे जरा लांब धरून. ब्लोलँप पेटवला, तो स्टोव्हसारखा फुरफुरायला लागला. त्याची ज्योत नळ्यांवरून पुढे-मागे फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही, नाहीतर नळीच जळायची. बॅटरी आत चुलीपाशी नेली. मग त्याने फिल्टर खोलून माझ्यापुढे धरला. आत थिजलेल्या तुपासारखा पांढरट गोळा.

"हे काय भरलंयस?" उइबानने आयतालला विचारलं.

आयताल ताडपत्रीची कड नीट करत राहिला.

"तोंड गोठलंय का? हे उन्हाळी डिझेल आहे, थंडीत थिजतं. कुठून आणलंस?"

"घरचं पिंप होतं," आयताल म्हणाला. "खुराड्याच्या कामातलं उरलेलं. हिवाळीत थोडं मिसळलं. चालून जाईल असं वाटलं."

"चालून जाईल," उइबान म्हणाला. "ह्या रस्त्याच्या कडेला मेलेल्यांचे जेवढे क्रूस आहेत ना, त्या सगळ्यांवर हेच लिहायला पाहिजे."

दारात क्युन्नेई उभी होती, हाताला लोणी, केसात पिसं. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे बघायची आयतालची हिंमत होईना, आणि खरं सांगते, माझीही. पोराने आपल्या हाताने बांधलं आणि आपल्याच हाताने घालवलं, असं माझ्या मनात आलं आणि त्याचा इतका राग आला की एक उलथणं घालावंसं वाटलं.

थिजलेलं डिझेल पातळ व्हावं म्हणून टाकीत रॉकेल ओतलं. उइबानच्या जवळचा नवा फिल्टर बसवला. हातपंप मारमारून नळ्यांतली हवा काढली. आयतालने हातमोजे काढले होते, पेच फिरवता येईना म्हणून. बोटांची कातडी लोखंडाला चिकटून निघाली तरी तो थांबला नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. ते गेलं की थंडी आणखी खाली उतरणार होती.

गरम झालेली बॅटरी बसवली. आयतालने किल्ली फिरवली. इंजिन कुंथलं, फिरलं, थांबलं. पुन्हा. पुन्हा.

"थांब," उइबान म्हणाला. "अकुलीना, आलाजी आण."

"तुला आत्ता भूक?"

"मला नाही."

मी गरम आलाजी आणली. त्याने तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि वाकून तेलाच्या टाकीखालच्या निखाऱ्यांना दिला. आम्ही आगीला खाऊ घातल्याशिवाय प्रवासाला निघत नाही, पण ट्रकखालच्या घमेल्याला नैवेद्य दाखवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"माझ्या चुलीतली आहे ती," मी म्हणाले. "सकाळी जेवलीय."

"सकाळी जेवली तेव्हा हे गाढव आलं नव्हतं. आजोबा, पोरगं मूर्ख आहे, पण कोंबड्यांचा काय दोष?" हे आगीला. मग आयतालला, "फिरव."

इंजिन फिरलं. नळकांड्यातून पांढरा धूर आला. "धूर आला. डिझेल पोचतंय, सोडू नकोस," उइबान ओरडला. एक ठोका पडला, मग एक गाळून दुसरा, मग तीन सलग, मग सगळा ट्रक कुत्र्यासारखा अंग झाडून थरथरला आणि ठोके एकमेकांत मिसळले. घरात माझी कढई वाजायला लागली. माझा जीव भांड्यात पडला, अगदी त्या कढईतच पडला म्हणा. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आणि पापण्या गोठून चिकटल्या तेव्हा उठले.

उइबानने कोणाला आभार मानू दिले नाहीत. आपल्या गाडीत जाऊन बसताना आयतालच्या टाळक्यात टोपीवरून एक टपली मारली. "माझी घोगरीच आहे," म्हणाला, "पण माझ्या मागे लागून ये. आरशात दिसत राहा."

खोकं तापेपर्यंत आम्ही थांबलो, उइबानही आपल्या गाडीत. मग पिंजरे परत गेले, गुंडाळून, एकेक. एकही कोंबडी दगावली नव्हती. शेवटचा पिंजरा आयतालने उचलला आणि तो तसाच घेऊन क्युन्नेईपुढे उभा राहिला.

"क्युन्नेई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "कोंबड्या वाचल्या, पण माझ्यामुळे नाही. तुला शहरात जायचं असेल तर मी भांडणार नाही. ठरलंय तसं सोडून येईन."

तिने त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. लोण्याची वाटी अजून तिच्या हातात होती. तिने पिंजरा काढून माझ्याकडे दिला आणि त्याच्या बोटांना लोणी लावायला लागली, कोंबड्यांच्या तुऱ्यांना लावलं तसंच.

"आणि ह्यांना कोण बघणार? तू?" ती म्हणाली. "तुला स्वतःचं इंजिन ओळखू येत नाही."