चहाच्या पेल्यावरची चकती

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी चकती आहे. तारेची जाडी मोजणं हा माझा धंदा. माझ्या कडेने लहानमोठ्या खाचा आहेत. तार ज्या खाचेत नेमकी बसेल, तिथे कोरलेला आकडा हा तारेचा नंबर. तीच जाडी मिलिमीटरमध्ये माझ्या पाठीवर कोरलेली आहे, पण पाठ बघतो कोण?

जळलेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात माझा काय रुबाब होता! जळक्या मोटारीतली तार ते माझ्या खाचेत घालायचे आणि "बावीस!" म्हणून ओरडायचे. मग तशीच नवी तार भरायची. पुढे बाजारात तारेची रिळं मिलिमीटरवर मिळू लागली आणि मिस्त्रींच्या मेहुण्याने मला चहाच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. पोलादाला घाम फुटतो हे मला तेव्हा कळलं.

एके दिवशी लॉन्ड्रीवाल्या बाई धुलाई यंत्राची जळालेली मोटार घेऊन आल्या. "दवाखान्याच्या चादरी तुंबल्यात. ही पुन्हा जळली, तर मी दुसरं दुकान बघणार!"

दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! मिस्त्री मेहुण्याला "बावीसच भर" असं बजावून बाहेर गेले. ते परतले, तेव्हा दुकानभर धूर झाला होता.

"कुठली तार घातलीस?"

"बावीस संपली होती, म्हणून कपाटातली जुनी चोवीस!" मेहुणा ऐटीत म्हणाला. "म्हटलं, थोडी जाड असलेली बरी!"

मिस्त्रींनी जळकी तार त्याच्यासमोर धरली. "अरे शहाण्या, नंबर वाढला की तार बारीक होते!"

"हे कुठलं उलटं गणित, भाओजी?"

"तार भोकातून ओढून बारीक करतात. जितकी जास्त ओढली, तितका नंबर मोठा. पळ, बाजारातून बावीस घेऊन ये!"

मेहुणा दारातच अडला. "दुकानदार मिलिमीटर विचारेल. बावीस म्हणजे किती?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. जन्मभर नंबरच ओरडलेला माणूस तो, आजवर कपाटातल्या जुन्या रिळांवरच भागवलेलं! मी पेल्यावर नुसती तळमळत होते. तेवढ्यात मिस्त्रींच्या बायकोने चहा प्यायला मला उचललं, पदराने वाफ पुसली आणि बावीसच्या खाचेवर बोट ठेवून मला उलटं केलं.

"शून्य पूर्णांक एकाहत्तर. इथेच तर लिहिलंय!"

संध्याकाळी मोटार गरगर फिरली. बाई हसल्या, मिस्त्रींच्या जिवात जीव आला आणि मला खरंच रडू आलं. संध्याकाळच्या चहाच्या वाफेचं पाणी अंगावर होतं म्हणून कोणाला दिसलं नाही.

आता मी खिळ्यावर मानाने लटकते. मिस्त्रींना माझं पोट हवं, मेहुण्याला पाठ. दिवसभर उलटसुलट होऊन मला चक्कर येते, पण तक्रार नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि चहा झाकायला बशी असते, एवढं तरी लक्षात ठेवा.