समीक्षकाचा उजवा कान

मित्रांनो, मी कानात घालायचे एक जुने यंत्र आहे. आकाराने शेंगदाण्याएवढे आणि रंगाने कातडीसारखे, कारण मी कुणाला दिसू नये म्हणूनच मला असे बनवले आहे. दिसू नये म्हणून बनवलेल्या वस्तूकडे लोक जरा संशयानेच बघतात. माझे बहुतेक आयुष्य त्या संशयातच गेले.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. भिंगातून बघणाऱ्या बायकांनी केसाएवढ्या तारा जोडून मला घडवले आणि एका बंद डब्यात ठेवून नाना तऱ्हेचे आवाज ऐकवले. मला सगळे ऐकू आले. मग मी कान तपासणाऱ्या बाईंच्या कपाटात येऊन पडलो. तिथून मला एका वर्तमानपत्राच्या चित्रपट समीक्षकाच्या उजव्या कानात जायचे होते.

माझे मालक एकतीस वर्षे चित्रपटांची परीक्षणे लिहीत होते. वाचक त्यांना ‘कात्री’ म्हणत. रविवारी सकाळी लोक आधी त्यांचा स्तंभ उघडत आणि आज कुणाला कापले ते बघत. पण मी येण्याआधीची दोन वर्षे त्यांचे एकच गाऱ्हाणे चालले होते. ‘हल्लीचे नट तोंडात गोळी धरून बोलतात.’ ‘संवाद लेखकाने लिहिले असतील, पण नटांनी ते गिळले आहेत.’ याउलट गाड्या उडवणाऱ्या एका धांगडधिंग्याला त्यांनी चार तारे दिले आणि लिहिले, ‘अखेर एक चित्रपट, ज्यात काय चालले आहे ते कळते!’

त्यांच्या पत्नी ही कात्रणे एका फायलीत लावून ठेवत. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकवते. एका सुट्टीच्या दिवशी तिने ती फाईल जमिनीवर पसरली आणि कात्रणांचे दोन ढीग केले. हे मी नंतर त्या दोघींच्या बोलण्यातून ऐकले. ऐकणे हाच माझा धंदा.

“आई, यात तुला काही दिसतंय?” मुलीने विचारले.

“काय दिसायचंय? तीच ती किरकिर.”

“ज्यात बॉम्ब फुटतात ते सगळे सिनेमे चांगले. ज्यात माणसं नुसती बोलतात ते सगळे वाईट. बाबांची आवड नाही बदललेली, आई. बाबांना ऐकू येत नाहीये.”

आईने ढिगातले एक कात्रण उचलून पुन्हा वाचले. मग म्हणाली, “तरीच. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचंच नसेल त्यांना.”

कानात मळ साठला असेल, असे सांगून मुलीने मालकांना तपासणीला आणले. मी कपाटातून सगळे ऐकत होतो. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “आवाज येतोय यांना. शब्द येत नाहीत. स, श, त, फ असली बारीक अक्षरं गळून पडतात. त्यामुळे वाटतं, समोरचा पुटपुटतोय. कानात मशीन घालावं लागेल.”

“समोरचे पुटपुटतातच,” मालक म्हणाले. “आणि आधी मळ म्हणालात, आता मशीन म्हणताय. दोघींनी मिळून ठरवून आणलंय मला इथे.”

त्यांचे तसे खरेच होते. ठरवूनच आणले होते. पण त्या दिवसापासून त्यांना सगळेच ठरवून केल्यासारखे वाटू लागले. माझ्यासाठी त्यांच्या कानाचा गुलाबी साचा घेतला गेला, मला डबीत घालून घरी आणले गेले आणि त्यांनी मला मोज्यांच्या खणात टाकून दिले. खणात तीन आठवडे मी त्यांचा आवाज ऐकला. थिएटरवाला मुद्दाम आवाज कमी ठेवतो. पत्नी आणि मुलगी स्वयंपाकघरात आपल्याविषयीच कुजबुजतात. आणि कचेरीत ‘खेळवाला’ आपला स्तंभ पळवायच्या बेतात आहे. हा खेळवाला म्हणजे खेळांचे पान सोडून सिनेमाच्या पानावर आलेला त्यांचा सहकारी. मालक खोलीत शिरले की तो आणि संपादकबाई बोलायचे थांबत.

एका सकाळी खण उघडला. मालकांनी मला उचलले, मसुराएवढी बॅटरी बसवली आणि मोरीत जाऊन कानात घातले. वर केस ओढून घेतले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्यांच्या हेतूचा संशय आला आणि तो खरा ठरला. त्यांना कान नको होता. त्यांना हेर हवा होता.

बाहेर येताच वर्तमानपत्राचे पान पत्र्यासारखे खडखडले. चमचा कपात पडला तेव्हा ते दचकले. मग स्वयंपाकघराच्या दारात ते थबकले. पत्नी भांडी लावत काहीतरी गुणगुणत होत्या.

“तू कधीपासून गाणी म्हणायला लागलीस?” त्यांनी करड्या आवाजात विचारले.

“लग्नाआधीपासून,” पत्नी म्हणाल्या. त्यांनी एकदा नवऱ्याच्या केसांकडे पाहिले आणि पुन्हा भांडी लावू लागल्या.

कचेरीत मालक कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि समोर वर्तमानपत्र धरले. मी कान टवकारले. अर्धा तास फोन, पंखा आणि कुणाची तरी शिंक. मग संपादकबाईंचा दबका आवाज आला.

“ते पत्र तुझ्याकडेच आहे ना अजून?”

“हो,” खेळवाला म्हणाला. “सरांना नाही दाखवलं. उगाच मनाला लावून घेतील.”

मालक ताडकन उठले. “कुठलं पत्र?”

दोघांचे चेहरे उतरले. आणि खेळवाल्याच्या तोंडून निघून गेले, “तुम्हाला ऐकू आलं?”

मालक जागच्या जागी थिजले. म्हणजे या लोकांना माहीत होते! सगळ्या कचेरीला माहीत होते आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मित्रांनो, त्यांचा संशय अर्धा खरा निघाला होता, आणि मला वाटते, खोट्या संशयापेक्षा असा संशय जास्त जाळतो. त्यांनी हात पुढे केला. खेळवाल्याने पत्र दिले.

पत्र एका ध्वनिमुद्रक बाईंचे होते. चित्रपटातला आवाज टिपण्याचे काम त्या करत. चार महिन्यांपूर्वी त्यांचा एक चित्रपट आला होता. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या आणि अकरा वर्षे अबोला धरलेल्या दोन बहिणींची ती गोष्ट. मालकांनी त्यावर लिहिले होते, ‘नायिका सात मिनिटे भिंतीकडे बघत रडते. का रडते? भिंतीला विचारा. आवाजाची बाजू सांभाळणारे बहुधा सुट्टीवर होते.’ वाचक खूप हसले होते. त्या वाक्यानंतर बाईंना पुढच्या चित्रपटातून काढून टाकण्यात आले. ‘मला भरपाई नको,’ त्यांनी लिहिले होते. ‘फक्त ती सात मिनिटं पुन्हा एकदा ऐका.’

“हे यानेच लिहिलं असणार,” असे पुटपुटत मालकांनी खेळवाल्याच्या टेबलावरचा एक कागद उचलला आणि अक्षर ताडून पाहिले. अक्षर वेगळे होते.

एका लहान थिएटरात तो चित्रपट अजून सकाळच्या खेळाला लागत होता; मंगळवारी ते तिथे एकटेच गेले. थिएटरात मोजून अकरा माणसे होती. ते पाचव्या रांगेत बसले आणि मांडीवर वही उघडली. बाईंना खोटे पाडायचे, एवढ्यासाठीच ते आले होते. ती सात मिनिटे सुरू झाली. पडद्यावर नायिका भिंतीशी येऊन उभी राहिली. आणि मी भिंतीपलीकडचा आवाज त्यांच्या कानात पोचवला.

पलीकडची बहीण बोलत होती. अगदी हळू, कपड्यांच्या घड्या घालता घालता, स्वतःशीच बोलावे तशी. लहानपणी दोघींनी मिळून फोडलेला आरसा, आईचा मार, एकीने दुसरीचा आळ स्वतःवर घेतला होता ते. शेवटी ती म्हणाली, “दार उघडंच आहे गं. कधीचं.” नायिकेला रडू फुटले ते त्या वाक्यावर.

मालकांनी मला कानातून काढले. पडदा मुका झाला. पुन्हा घातले. आवाज आला. त्यांना माझाच संशय आला की काय, कोण जाणे. ते शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे वाकले.

“भिंतीमागून कुणी बोललं का आता?”

“हो की. मघापासून बोलतेय,” त्या वैतागून म्हणाल्या. “गप बसा, ऐकू द्या.”

मालक गप बसले. दिवे लागले, झाडूवाला रांगा झाडत त्यांच्या पायांपर्यंत आला, तरी ते बसूनच होते. वहीचे पान कोरे होते.

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतले. छापायला देण्याआधी त्यांचा मजकूर पत्नी वाचत, तसा याही वेळी त्यांनी वाचला. मालकांनी लिहिले होते की पहिल्या वेळी थिएटरची ध्वनियंत्रणा बिघडलेली असल्यामुळे गैरसमज झाला.

“थिएटरवाल्यानं काय घोडं मारलंय तुमचं?” पत्नींनी विचारले.

“बिघडलेली असेलही.”

“अहो, एका बाईची नोकरी गेली तुमच्या वाक्यानं. आता या माणसाचीही घालवायचीय?”

“मग काय लिहू? एकतीस वर्षांनी लिहू, की मी बहिरा आहे म्हणून?” त्यांचा आवाज चढला आणि मी शिट्टी मारली. साचा सैल झाला की मी शिट्टी मारतो. इतके दिवस लपवलेला मी असा उघडा पडलो. मालक वरमले. पत्नींनी पुढे होऊन त्यांच्या केसांत हात घातला आणि मला अंगठ्याने नीट दाबून बसवले.

“आता ऐकू येतंय?”

“येतंय.”

“मग लिहा.”

रविवारी त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापून आले : ‘मला ऐकू येत नव्हते आणि मी दोष चित्रपटाला दिला. भिंत बोलत होती.’ खाली त्यांची सही होती.

तुम्हाला वाटेल, मग सगळे गोड झाले. तसे झाले नाही. वाचकांची पत्रे आली. काहींनी कौतुक केले, पण बरेच जण विचारत होते की आणखी किती चित्रपटांना असे मारलेत? दर रविवारचा स्तंभ खेळवाल्याकडे गेला. मालकांना महिन्यातून एकदा एक कोपरा मिळाला. तिथे ते त्या दोन वर्षांतले चित्रपट पुन्हा पाहून लिहू लागले. काही खरोखरच वाईट निघाले. तेही त्यांनी लिहिले. गाड्या उडवणाऱ्या त्या चित्रपटाचे तीन तारे त्यांनी काढून घेतले.

ध्वनिमुद्रक बाईंना हातचे गेलेले काम परत मिळाले नाही. ते गेल्यापासून सहा महिन्यांनी दुसरे मिळाले. त्यानंतर एका दुपारी त्या घरी आल्या. चहा झाल्यावर त्यांनी मला बघायला मागितले. मालकांनी मला कानातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, कामातला माणूस अवजार बघतो तसे, आणि मग परत दिले. मालकांनी मला कानात बसवेपर्यंत त्या थांबल्या.

“सर, मी तुम्हाला माफ केलंय की नाही, ते मला अजून माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पण ते सहा महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.”

“परत सांगा,” मालक म्हणाले.

“ऐकू नाही आलं?”

“आलं. तरी परत सांगा.”

त्यांनी परत सांगितले. मालकांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकले. त्या दिवशी मी त्यांच्या कानात होतो याचा मला अभिमान वाटतो.

मित्रांनो, आता माझे बटण झिजले आहे आणि दमट हवेत माझा आवाज खरखरतो. माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याला घामापासून जपा, झोपताना त्याची बॅटरी काढून ठेवा आणि ते कानात घालणाऱ्याला हसू नका. आणि घरात कुणी तिसऱ्यांदा “काय म्हणालास?” असे विचारले, तर चौथ्यांदाही साध्या आवाजात सांगा. “काही नाही, जाऊ दे” असे मात्र म्हणू नका. तुम्ही जे सांगायचे टाळता, त्या रिकाम्या जागी ऐकणारा आपल्या मनाचे काहीतरी भरतो, आणि ते क्वचितच चांगले असते.