धडधाकट पाइप

बारकीने दप्तरातून पाइप ओढून काढला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या टेबलावर ठेवला. हातभर लांब, निळा, नळाचा जाड पाइप. घरी तो दाराआड असायचा. बाबांचा आवाज चढला की त्यांचा हात आपसूक दाराआड जायचा, आणि मग आईच्या पाठीचं काही खरं नसायचं. सकाळी ते अंघोळीला गेले तशी बारकीने तो वह्यांमागे कोंबला. आज शाळेत प्लास्टिकचा कचरा गोळा करायचा होता, आणि गोणीत गेलेलं प्लास्टिक गाडीतून कारखान्यात जातं आणि तिथे वितळतं, हे बाईंनीच शिकवलं होतं.

पाचवीचा वर्ग तोवर कचऱ्यावर तुटून पडला होता. पोरं बाटल्या पायाखाली चेचत होती, डबे भिंतीवर आपटून फोडत होती. एका पठ्ठ्याने तर आजोबांची कवळी ठेवायची डबीच पळवून आणली होती.

बाईंनी पाइप वाकवून पाहिला.

"अगं, हा तर धडधाकट आहे. जे वापरता येतं ते?"

"टाकायचं नाही," वर्ग एका सुरात ओरडला.

"ऐका, किती मजबूत आहे." बाईंनी हसत पाइप टेबलावर दाणकन आपटला. दोनदा. वर्ग चिडीचूप झाला. बारकी खाली बसली होती, डोक्यावर दोन्ही हात धरून. बाई क्षणभर थबकल्या. तेवढ्यात मागे दोघांची एका फुटक्या बादलीवरून जुंपली, एकाचा ओठ फुटला, आणि त्या तिकडे धावल्या.

शाळा सुटताना बारकी पुन्हा टेबलापाशी आली.

"ठेवून घ्या ना, बाई."

"घरी विचारून आणलास?"

बारकीने मान खाली घातली.

"मग परत न्यायचा. अजून वीस वर्षं टिकेल." बाईंनी तो स्वतःच तिच्या दप्तरात नीट बसवला. शिकवायच्या नादात समोरचं मूल दिसेनासं होतं, त्यातलीच गत झाली.

दुसऱ्या दिवशी बारकी घंटेआधीच आली. बाई एकट्याच गोण्यांची तोंडं शिवत होत्या. तिने पाइपचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. एकाचं टोक चिरफाळलं होतं आणि फटीत लांब केस अडकले होते.

"आता मोडलाय," ती म्हणाली. "आता घ्याल ना?"

बाईंच्या हातातली सुतळी सुटली.

"कुणी मोडला?"

"बाबांनी. मी पाइप नेला म्हणून मला मारत होते. आई मध्ये आली."

"आई कुठे आहे?"

"घरी. निजलीय. खूप हाका मारल्या, उठलीच नाही. म्हणून माझी मीच वेणी घातली."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि त्या दाराकडे निघाल्या. बारकीने मात्र दुसऱ्या हाताने गोणीची कड सोडली नाही.

"आधी हे टाका ना, बाई. गाडी आजच येईल ना? आई उठायच्या आत?"