ठिपके उभे राहीपर्यंत

माझ्या बायकोचा नाच मी बंद पाडला, आणि तोही रेकॉर्ड प्लेअर अगदी नीट दुरुस्त करून.

अडतीस वर्षं कारखान्यात रेडिओ जोडले. आता निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोकांचे जुने रेकॉर्ड प्लेअर आणि अॅम्प्लिफायर उघडून बसतो. इस्क्रा, म्हणजे माझी बायको, मिरच्या भाजायला लागली की मला सगळा संसार उचलून गॅलरीत जावं लागतं. आम्ही बल्गेरियातल्या गाब्रोवोची माणसं, काटकसरीसाठी देशभर प्रसिद्ध. जुनी वस्तू फेकायची म्हटली की आमच्या जिवावर येतं, त्यामुळे कामाला तोटा नाही.

मार्चमध्ये दोब्रिंका आली. आमच्या वस्तीच्या वाचनालयाला मोठं सभागृह आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी निवृत्त मंडळी हातात हात घालून, रांगेनं होरो नाचतात. दोब्रिंका रांगेच्या डोक्याशी असते, रुमाल फिरवते आणि सगळ्यांना दटावते. सभागृहाचा रेकॉर्ड प्लेअर तिनं काखेत धरून आणला होता.

"स्तामेनभाऊ, फार खरखरतोय हो. बघा जरा."

उघडला तर आत सगळा आनंद. तबकडीच्या दांड्याखालचं तेल सुकून डिंक झालेलं, रबरी पट्टा जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा लोंबलेला. तबकडीच्या कडेला ठिपके कोरलेले असतात आणि खाली एक चिमुकला दिवा. वेग बरोबर असला की ठिपके जागच्या जागी उभे दिसतात, कमी असला की मागे सरकतात. हे ठिपके तर मागे पळत सुटले होते. मी तीन दिवस खपलो, नवा पट्टा घातला, आणि ठिपके उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी इस्क्राला हाका मारून बोलावलं.

"बघ, कसे शिपायासारखे उभेत!"

"छान," ती म्हणाली आणि मिरच्या परतायला गेली.

गुरुवारी कौतुक करून घ्यायला मी मुद्दाम सभागृहात गेलो. दोब्रिंकानं रचेनित्सा लावली. दोन आखूड पावलं, एक लांब, असा तो नाच. पण पहिलं कडवं संपायच्या आत अर्धी रांग धापा टाकत होती आणि थोराड मेतोदी भिंतीला टेकला होता.

"काय करून ठेवलंत हे?" दोब्रिंका ओरडली. "आजीबाईंच्या मागे कुत्रं लागल्यासारखं वाजतंय!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते यंत्र वीस वर्षं हळू चालत होतं, आणि ही मंडळी नाच शिकली ती त्याच यंत्रावर. मध्यंतरी कुणीतरी हेच गाणं फोनवर आणलं होतं, तर सगळ्यांचे पाय एकमेकांत अडकले. तेव्हा सर्वांनी एकमतानं ठरवलं होतं, की फोन बिघडलाय.

बाकीचे कुरकुरत का होईना, महिन्याभरात सरावले. इस्क्रा नाही सरावली. आदल्या वर्षी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणत होते की सांधा ठणठणीत आहे, पण भीती तिच्या पायात घर करून बसली होती. त्या संथ रांगेतच हिवाळ्यात तिनं पहिल्यांदा काठी बाजूला ठेवली होती. सप्टेंबरच्या जत्रेत चौकात नाचायचं आणि रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा होती. आता ती भिंतीशी खुर्चीवर बसायची, मांडीवर सगळ्यांच्या पर्सेस घेऊन.

"तुझं काही चुकलं नाही," घरी आल्यावर ती म्हणाली. "तू बरोबरच केलंस. माझाच पाय हळू."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बरोबर वेग बिघडवायचा, हे माझ्या हाताला जमणारं काम नव्हतं. चार दिवस मी स्वतःशीच भांडलो. मग यंत्र घरी आणलं, मोटरच्या तारेत वेग कमी-जास्त करणारं एक छोटं बटण बसवलं आणि ठिपके पुन्हा मागे पळेपर्यंत ते फिरवलं. दोब्रिंकाला थाप मारली की नवा पट्टा अजून बसतोय, काही महिने यंत्र हळूच चालेल. ती खूश. इस्क्रा खुर्चीवरून उठली आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली.

पण जत्रेत खरा वाद्यवृंद वाजवणार होता. तो काही माझ्या बटणावर चालणार नव्हता.

म्हणून दर गुरुवारी सकाळी मी तेल घालायच्या निमित्तानं सभागृहात जायचो. बटण केसभर पुढे सरकवायचो आणि लाकडी खोक्यावर पेन्सिलीनं बारीक खूण करायचो. केसभरच, कुणाला कळू नये इतकं. इस्क्राला फसवतोय याची लाज वाटायची. पण दुपारी तिचे पाय बघितले की लाज पळून जायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला घोळ झाला. बटण माझ्या खुणेच्या पुढे गेलेलं होतं. म्हटलं, झाडूवालीचा धक्का लागला असेल. मी ते मागे आणलं. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा पुढे, या खेपेला चांगलं दोन केस! यंत्राला हात लावते ती दोब्रिंकाच, तेव्हा हा तिचाच उद्योग, अशी माझी खात्री पटली. इस्क्रा पडली असती तर? मी भयंकर चिडलो. तिसऱ्या गुरुवारी नेहमीपेक्षा तासभर आधीच जाऊन दोब्रिंकाला रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

सभागृहाचं दार उघडंच होतं. आत इस्क्रा होती. कुंड्यांना पाणी घालायची झारी बाजूला ठेवून, चष्मा लावून, ती यंत्रावर वाकली होती आणि बटण फिरवत होती.

"तू?" मी म्हणालो.

ती दचकलीसुद्धा नाही. "ये. दिवा पेटवून दे, मला ठिपके दिसत नाहीयेत."

"तुला कधी कळलं?"

"मे महिन्यात. दर गुरुवारी कानावर पेन्सिल ठेवून घरी येतोस आणि तशीच ठेवून जेवतोस. तेल घालायला पेन्सिल कशाला लागते रे, म्हाताऱ्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा जपून सरकवत होतास. मला आवडत होतं ते." तिनं चष्मा पुसला. "पण भारीच हळू आहेस तू. आपण सप्टेंबरपर्यंत पोचलो नसतो."

डोळे भरून आले होते, म्हणून मी खाली वाकून दिवा पेटवला. ठिपके अगदी सावकाश मागे सरकत होते. तिनं बटण आणखी थोडं फिरवलं. ठिपके रेंगाळले, थरथरले आणि उभे राहिले.

तिनं रेकॉर्डवर सुई ठेवली. रचेनित्सा सुरू झाली, लिहिली होती त्याच वेगात. इस्क्रानं झारीवरचं फडकं उचलून रुमालासारखं हातात धरलं.

"उभा काय राहिलास त्या ठिपक्यांसारखा? हात दे."

"मला नाचता येत नाही, तुला माहितीये."

"मला तरी कुठे येत होतं? शेपटाला राहा आणि माझ्या पायांकडे बघ."

गाणं संपलं तेव्हा मी धापा टाकत खुर्चीवर बसलो होतो. ती सुई पुन्हा सुरुवातीला ठेवत होती.