हिरव्या टोकाचा दांडा

मिलिमीटरकाकांचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. खरं नाव काहीही असो, गल्ली त्यांना मिलिमीटरच म्हणे, कारण हा गृहस्थ पावाचा कापसुद्धा डोळ्यांनी मोजून उचलायचा. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढून ज्याचं पोट भरलं, त्याला स्वतःची चूक दिसायची कुठून? निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत धातू फिरवून कापायचा एक छोटा लेथ बसवला. बायको त्याला सवत म्हणायची, पण त्याच्यावरची धूळ पुसायचीही तीच.

आज काम त्या बायकोचंच होतं. तिच्या पायाने चालवायच्या शिलाई मशीनच्या मोठ्या चाकाचा आस झिजून बारीक झाला होता, आणि मशीन इतकं जुनं की तो तयार कुठे मिळेना. टेबलावर शाळेच्या गणवेशांची थप्पी तशीच पडून होती. “मी करून देतो, त्यात काय!” असं काका छाती काढून म्हणाले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हणाले खरे, पण एक गोष्ट ते विसरले नव्हते. मागच्या महिन्यात ड्रिल बोटात घुसलं, तेव्हा बायकोने पट्टी बांधता बांधता बजावलं होतं, “डोळे दाखवून घ्या. पुन्हा एकदा जरी डोळ्यांनी घोळ घातला, तर हा लेथ या घरात राहणार नाही.” काकांनी तेव्हा हात घसरल्याचं कारण दिलं होतं. खरं तर खूण नीट दिसलीच नव्हती. हल्ली सगळ्यावर पिवळट धुकं पसरल्यासारखं वाटायचं. पण हे बोलायचं कुणाकडे? डोळे गेले तर लेथ गेला, आणि लेथ गेला तर दिवसभर करायचं काय, भिंती मोजायच्या?

धातूच्या दुकानात पोलादाचे दांडे मांडणीवर आडवे रचलेले होते. प्रत्येकाच्या एका टोकाला रंग. हिरवा म्हणजे मऊ पोलाद, छोट्या लेथवर लोण्यासारखं कापलं जाणारं. निळा म्हणजे चिवट, मोठ्या कारखान्याच्या यंत्रांसाठी. कापायचं ते नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून, म्हणजे उरलेल्या दांड्याची ओळख शेवटपर्यंत टिकते. दुकानदाराचा हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकाने दांडा दाखवायचा, करवतीवरच्या म्हाताऱ्याने तो कापायचा. करवतीच्या कर्कश आवाजात बोलून उपयोग नाही, म्हणून तिथे सगळा कारभार बोटानेच चाले.

काका मांडणीपुढे येरझाऱ्या घालत राहिले. हा उचल, तो ठेव. शेवटी एकावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने भुवया उंचावून विचारलं, हाच? काकांनी जोरात मान हलवली.

घरी येऊन तुकडा लेथवर चढवला आणि पहिल्याच कापाला कळलं, काहीतरी बिनसलंय. मऊ पोलादाचा चुरा बारीक तुटून पडतो. इथे लांबच लांब गरम साली निघाल्या, हत्यार किंचाळायला लागलं, सगळा लेथ थरथरला. काकांनी हत्याराला धार लावून पुन्हा काप घातला. धार पुन्हा जळाली. चहा आणून ठेवलेला निवून गेला, त्यावर साय धरली.

आवाज ऐकून बायको दारात आली. खाली वाकून तिने एक साल उचलली.

“अगं बाई! तापून किती निळीशार झालीय हो ही!”

“निळी कुठली? राखाडी आहे.”

जन्मभर कापडाच्या रंगाला दोरा जुळवत आलेली बाई ती. तिने साल उजेडात धरली, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

“दुकानदाराने फसवलं,” काका घाईघाईने म्हणाले. “हिरवा मागितला, भलताच गळ्यात मारला!”

“असं? मग चला. आत्ताच जाऊ.”

“राहू दे गं, उद्या बघू.”

“उद्या कशाला? चूक त्यांची आहे ना?”

नाचता येईना अंगण वाकडे, हे काकांना वाटेत पावलोपावली आठवत होतं. दोनदा ते थांबले. बायको थांबली नाही.

दुकानदाराने तुकडा हातात घेतला, कानशीने घासून पाहिला. “हे चिवटच आहे. कुठल्या दांड्यातून कापला?”

काकांनी मांडणीतल्या त्याच दांड्यावर बोट ठेवलं. “या. या हिरव्या.”

दुकानदाराने दांड्याचं टोक बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मग बाईंकडे. आता ती बोलणार, काकांना वाटलं. ती काकांकडेच बघत राहिली. दुकानदाराचा मात्र भलताच समज झाला; काकांचं बोट शेजारच्या हिरव्या दांड्याकडेच आहे, असं त्याला वाटलं. तो करवतीकडे वळून ओरडला, “काय हो! गिऱ्हाईक हिरवा मागतं आणि तुम्ही निळा कापता? दिसत नसेल तर घरी बसा ना आता! उद्यापासून दुसरा माणूस ठेवतो मी.”

करवत थांबली. म्हाताऱ्याने हात पुसले. त्याने काकांकडे नुसतं पाहिलं. मग मान खाली घालून खुंटीवरची टोपी हातात घेतली. काकांना ते बघवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे इस्त्रीच्या शर्टात उभा.

“थांबा,” काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “यांची काही चूक नाही. बोट मी ठेवलं होतं. मला... मला हा निळा दिसत नाही. बरेच दिवस झाले.”

दुकानदार पुटपुटत म्हाताऱ्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकांची बायको मांडणीपाशी गेली आणि एका दांड्यावर बोट टेकवून म्हाताऱ्याला म्हणाली, “दादा, हा हिरवा. यातला तेवढाच द्या.”

बाहेर पडल्यावर काका नवा तुकडा छातीशी धरून चालत होते. हलकं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

“तुला घरीच कळलं होतं.”

“हो. साल बघितली तेव्हाच.”

“मग इथवर कशाला आणलंस मला?”

“तुमच्या तोंडून ऐकायला.”

“आणि मी बोललो नसतो तर?”

“तर लेथ विकला असता,” ती म्हणाली. “न दिसण्याची भीती नाही हो मला. मोतीबिंदू असेल, निघेल. पण न दिसता दिसतंय म्हणणारा माणूस फिरत्या यंत्रापाशी उभा राहिला, तर मी घरात जीव मुठीत धरून किती दिवस बसायचं?”

काकांनी तुकडा दुसऱ्या हातात घेतला आणि विचारलं, “पण ऑपरेशन होईपर्यंत मी लेथला हात लावणार नाही, मग तुझे गणवेश?”

“शेजारणीच्या मशीनवर शिवीन. तिची बोलणी खाईन. पण माझ्या मशीनचा आस तुम्हीच करायचा. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही.”

काकांचे डोळे भरून आले, आणि होतं तेवढंही दिसेनासं झालं.