माझे एकही चाक फिरले नाही तो दिवस

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. शस्त्रक्रियेसाठी माणसाचे हृदय थांबवतात, तेव्हा त्याचे काम मी करते. माझी चाके नळ्या दाबत रक्त पुढे ढकलतात. अठरा वर्षे मी हेच केले. डॉक्टर छाती उघडून हृदयातली खराब झडप बदलत आणि मला चालवणाऱ्या ताईंना म्हणत, तुमचे यंत्र मोठे गुणाचे. मी आतून फुलून जाई.

मग नवी पद्धत आली. घडी करून मिटलेली नवी झडप बारीक नळीवर बसवायची, जांघेतल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत न्यायची आणि तिथे उघडायची. छातीला धक्का नाही, हृदय थांबवणे नाही. मी कोपऱ्यात गेले. लोक माझ्या दांड्यावर एप्रन टांगू लागले. ताई मात्र दर सोमवारी मला तपासत. एकदा बॅटरी उतरलेली निघाली. आठ महिने वापर नाही, राहू द्या, असे कोणीतरी म्हणाले. ताई हटून बसल्या आणि ती बदलूनच घेतली.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या. त्यांची झडप दगडासारखी कडक झाली होती. चार पायऱ्यांत धाप लागे. डॉक्टरांनी सुनेला स्पष्ट सांगितले होते, ऐनवेळी बिघडले तर यंत्र जोडू, पण ते आजींना झेपेलच असे नाही.

झडप उघडताना हृदय क्षणभर मुद्दाम फार वेगाने धडधडवतात. रक्तदाब उतरतो, मग लगेच वर येतो. आजींचा आला नाही. पन्नास. अठ्ठेचाळीस. औषध टोचले. सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यावर खिळले.

"ताई, तयार?" डॉक्टरांनी मान न वळवता विचारले.

"तयार."

ताईंचे बोट माझ्या बटणावर टेकले. त्या बोटाची मी महिनोन् महिने वाट पाहिली होती. आता मात्र मनात घोकत होते, नको, दाबू नका.

चव्वेचाळीस. बराच वेळ चव्वेचाळीसच. मग पंचावन्न. सत्तर. एकशे दहा.

गुंगीतल्या आजींनी डोळे किलकिले केले. "सगळे गप्प का? दोरा तुटला का?"

"नाही आजी. टाका नीट बसलाय," डॉक्टर म्हणाले.

ताई माझ्या शेजारच्या स्टुलावर मटकन बसल्या.

मित्रांनो, जी वस्तू रोज लागत नाही, तिचीही निगा राखा. मी सज्ज होते, म्हणून डॉक्टरांचा हात थरथरला नाही. त्या दिवशी मी काहीच केले नाही, आणि इतकी मी कधीच दमले नव्हते.