सगळेच बॉस

राजुरीच्या फाट्यावर पोपटच्या वेल्डिंगच्या दुकानात कुणीही येवो, मोडका नांगर घेऊन नाहीतर गळकी टाकी घेऊन, पोपटच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "या बॉस!" बागायतदार आला तरी बॉस, भंगारवाला आला तरी बॉस.

त्याच्या मुलीला, दहावीतल्या अमृताला, हे फारच जुनं वाटायला लागलं होतं. यंदा इंग्रजी असं काही तिच्या जिभेवर चढलं होतं की विचारू नका!

"पप्पा, आता ब्रो म्हणतात. नाहीतर बडी, चीफ, डूड."

विळ्याला मूठ बसवायला आलेले भिमाजीबाबा खो खो हसले. "मला डूडच म्हण गं पोरी. घरी म्हातारीला सांगतो, माझं नाव बदाललं!"

"पण सरळ नावच का विचारत नाही तुम्ही?" तिनं विचारलं.

पोपटनं डोळ्यांवरची काच वर केली. "नाव विचारलं की मागनं आडनाव येतं. आडनाव आलं की पाण्याचा तांब्या लांब जातो. माझ्या बापाला लोकांनी नाव विचारून पंगतीतनं उठवलंय. आपल्या दुकानात ते नको."

पटलंच तिला.

भातकापणी उरकल्यावर तळेघरकडून एक माणूस कामाला आला. तोही बॉस झाला. अमृताचा ब्रो झाला. हाक मारली की तो आधी मागं वळून बघायचा, आपल्या पाठीमागं कुणी उभं असावं तसा. मग हसायचा. अमृताला त्याची गंमत वाटायची.

रविवारी दुपारी दुकानामागच्या भंगारातून लोखंडी पट्टी ओढताना त्याच्या हाताला नाग चावला.

पोपटनं पिकअप काढली. मागं हौद्यात अमृता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नारायणगावच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, "नावानं हाका मारत राहा. ओ देतो का बघा. श्वासावर लक्ष ठेवा."

"ब्रो! ओ ब्रो!"

त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.

"बॉस! बॉस, ऐका ना!"

काहीच नाही. तिला येत होते ते सगळे शब्द संपले. तिनं पुढची काच बडवली. "पप्पा, यांचं नाव काय?"

पोपटनंही ते कधी विचारलं नव्हतं. आरशात त्याचं तोंड पांढरंफटक दिसलं.

मांडीवरच्या माणसाच्या खिशात बटणांचा फोन होता. अमृतानं तो ओढून काढला आणि शेवटचा लावलेला नंबर लावला. किती वेळ वाजला कोण जाणे. मग एक म्हातारा आवाज आला.

"बोल रं गेण्या. जेवलास का?"

"आजी, मी दुकानातली अमृता. गेणूभाऊंना नाग चावलाय. दवाखान्यात नेतोय. तुम्ही हाक मारा त्यांना."

तिनं फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडं आधी नुसता श्वास होता. मग म्हातारी रडली नाही, ओरडलीच, "गेण्या! आरं गेण्या, ऊठ! गुरं सोडायची न्हाईत व्हय?"

पापणी काही उचलली नाही. पण अमृताच्या हातातली बोटं हलली. आधी एक, मग सगळी.

"गेणूभाऊ!" अमृता ओरडली. पुढून पोपटही ओरडायला लागला. दवाखान्याच्या पायरीपर्यंत बापलेक एकच नाव घेत राहिले.

गेणू वाचला. हातात बळ यायला मात्र वेळ लागला. तो पुन्हा दुकानात आला तेव्हा पोपटनं त्याला कामाला हात लावू दिला नाही, बाकावर बसवलं.

तेवढ्यात लोणीकडचा एक अनोळखी माणूस ट्रॉलीचा तुटका हूक घेऊन आला.

"या ब..." पोपट थांबला. त्यानं एकदा गेणूकडं बघितलं, फडक्याला हात पुसला आणि पुढं केला. "मी पोपट."

माणूस जरा गांगरला. मग म्हणाला, "मी सावळाराम."

पुढचं कुणी विचारलं नाही. अमृतानं पाण्याचा तांब्या भरला आणि आणून तिघांच्या मधोमध ठेवला.